वडिलांची बीडी कुठे लिहायची?

गेल्या वर्षी पावसाळ्यात माझ्याकडे एक लेख आला. मर्यादा आठशे शब्दांची होती, आलेले शब्द साडेतेराशे. लिहिणारी बी.ए.च्या शेवटच्या वर्षातली मुलगी, सोलापूरच्या पूर्व भागात राहणारी. घरात तेलुगू, शाळा मराठी, आई गेली सव्वीस वर्षं बीड्या वळते. शहरातल्या एका दैनिकानं तरुणांकडून लेख मागवले होते आणि विषय दिला होता तंबाखूमुक्तीचा. मी रविवारी सकाळी घरी सात-आठ मुलांना लेखन शिकवते, त्यांतली ही एक. या लेखाचे पाच खर्डे झाले. पाचही माझ्याकडे आहेत आणि तिच्या परवानगीनं त्यांची हकीकत इथे मांडते आहे. नाव आणि गल्ली सांगायची नाही, ही तिची अट.

हकीकत मांडाविशी वाटली कारण आपण मुलांना दोन गोष्टी एका दमात सांगतो: मत ठामपणे मांड, आणि स्वतःच्या अनुभवातून लिही. या दोन्ही गोष्टी एकाच लेखात आल्या की एकमेकींच्या पायात येतात, हे मात्र आपण सांगत नाही. ठाम मताला वाचकाचं डोकं हवं असतं आणि अनुभव त्याचा गळा दाटून आणतो. गळा दाटलेल्या माणसाला तुमचं म्हणणं पटलं की नाही, हे त्याचं त्यालाही कळत नाही.

पहिला खर्डा

सुरुवात अशी होती: "माझी आई बिचारी पहाटे चार वाजता उठते. थकलेल्या हातांनी ती आमच्यासाठी झिजत राहते. समाजाला तिच्या अश्रूंची किंमत कधी कळणार?" पुढे अकरा परिच्छेद. "माझी आई" हे शब्द एकतीस वेळा आले होते, मी पेन्सिलीनं मोजले. मजुरी कमी आहे, बंदी चुकीची आहे, तंबाखू वाईट आहे, सरकारनं मदत करावी, समाज निष्ठुर आहे, अशी पाच विधानं होती. त्यांतली दोन एकमेकांच्या विरोधात जाणारी होती आणि ते तिच्या लक्षात आलेलं नव्हतं.

मी विचारलं, "लेख वाचून झाल्यावर वाचकानं काय करायचं?"

"त्याला वाईट वाटलं पाहिजे, मॅडम."

"वाटलं. पुढे?"

ती गप्प झाली. मग तिनं तो खर्डा वर्गात मोठ्यानं वाचला. एका मुलानं सरळ सांगितलं, "काकूंबद्दल वाईट वाटलं. पण बीडी बंद व्हावी का नको, तुझं म्हणणं काय आहे?" दुसऱ्या दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्यांनाही याचं उत्तर देता आलं नाही. निघताना ती दारात थांबून म्हणाली, "सगळे अम्माकडंच बघायलेत. मुद्द्याकडं कुणी बघंना." पुढची सगळी कामं या एका वाक्यातून निघाली.

त्या साडेतेराशे शब्दांत मला एकच ओळ खरोखर तिची वाटली. आठव्या परिच्छेदात, दोन मोठ्या वाक्यांच्या मध्ये ती दडलेली होती: "रेशन दुकानातल्या यंत्रावर अम्माचा अंगठा उमटत नाही." मी तिच्याखाली दोन रेघा ओढल्या आणि म्हटलं, हे असं का होतं ते मला दाखव.

पुढच्या रविवारी ती सूप, कात्री आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली टेंभुर्णीची पानं घेऊन आली. पान रात्री भिजवून ठेवतात, म्हणजे वळताना ते तडकत नाही. त्यावर पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कडा उडवायच्या. मधला तुकडा तळहातावर घ्यायचा, त्यात चिमटीभर तंबाखू सारखी पसरायची, बोटांनी वळायचं, दोरा गुंडाळायचा आणि मग अंगठ्याचं नख लावून बीडीचं तोंड आत मुडपायचं. ही शेवटची हालचाल तिनं मला तीन वेळा करून दाखवली. अंगठ्याचं टोक पानाच्या कडेवर घासतं. एका बीडीला तोंड मिटवायला तीन-चार वेळा घासावं लागतं. दिवसाला शेकड्यांनी, सव्वीस वर्षं. अंगठ्यावरच्या रेषा बुजल्या आणि यंत्राला माणूस ओळखू येईना.

पहिल्या खर्ड्यात "आई झिजते" असं होतं. ते कुणाच्याही आईबद्दल कुणीही लिहितं. आता अंगठा झिजत होता, कशानं झिजतो ते दिसत होतं, आणि त्याला "थकलेला" म्हणायची गरज उरली नव्हती.

दुसरा खर्डा, आणि माझी चूक

मी तिला सांगितलं, "'मी' आणि 'माझी' कमी कर." एवढंच सांगितलं. कोणता "मी" ठेवायचा हे सांगितलं नाही, म्हणून पुढच्या घोटाळ्याची जबाबदारी माझी.

दुसऱ्या खर्ड्यात माणूस नव्हतं. १९६६ सालचा बीडी आणि सिगार कामगार कायदा, १९७६ सालचा कल्याण निधीचा कायदा, २००३ सालचा तंबाखू नियंत्रणाचा कायदा, २ ऑक्टोबर २००८ पासूनची सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावरची बंदी, २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर आलेला चित्ररूप इशारा, सोलापूरजवळच्या कुंभारीतली बीडी कामगार बायकांची दहा हजार घरांची कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहत, १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झालेलं रे नगरमधल्या पंधरा हजार घरांचं वाटप. सगळं बरोबर होतं. तिनं ग्रंथालयात बसून मेहनत घेतली होती आणि ती दिसतही होती. पण वाचताना वाटत होतं की हे कोण सांगतंय, आणि मला का सांगतंय?

तेव्हा मला नीट सांगता आलं. लेखातल्या "मी"ला दोन कामं करता येतात. एक फिर्यादीचं: माझ्यावर अन्याय झाला, मला न्याय द्या. दुसरं साक्षीदाराचं: मी तिथे होते, मी हे पाहिलं. साक्षीदार पाहिलेलं सांगतो आणि खाली बसतो. आरोपीला काय शिक्षा द्या, हे तो सांगत नाही. पहिल्या खर्ड्यातला "मी" सतत फिर्यादी होता. दुसऱ्यात मी त्याला बाहेर घालवताना साक्षीदारालाही घालवून बसले. अंगठा यंत्रावर उमटत नाही, हे ग्रंथालयातल्या कुठल्या पुस्तकात तिला मिळणार होतं? जिथे फक्त तिचीच साक्ष चालते, तिथे "मी" हवाच.

माहितीचंही तेच. ती घरं लेखात कशासाठी आहेत, असं विचारल्यावर ती म्हणाली, "माहिती म्हणून." माहिती म्हणून आलेली गोष्ट लेखात पाहुण्यासारखी बसून राहते. वाचकाच्या मनात एखादा प्रश्न उठावा आणि त्याला उत्तर म्हणून ती यावी. बीडी वळणाऱ्या बाया नवं काही उभं करू शकतील का, हा तो प्रश्न. त्याला उत्तर म्हणून शेवटच्या खर्ड्यात कुंभारी एका वाक्यात आली: ज्या बायकांनी मोर्चे काढून, आपला वाटा भरून दहा हजार घरांची वसाहत मिळवली, त्यांना नवं काम शिकता येणार नाही असं कुणी म्हणू नये. बाकीच्या तारखा गेल्या.

म्हणणं सापडलं ते विरोधकाच्या वहीत

तिसऱ्या आठवड्यात मी तिला तिचा लेख बाजूला ठेवायला लावला. म्हटलं, तुझ्याशी न पटणाऱ्या माणसाचा लेख लिही. दुष्ट माणूस घ्यायचा नाही. तोंडाचा कर्करोग झालेली माणसं रोज तपासणारा एखादा डॉक्टर घे. त्याचं म्हणणं दहा ओळींत असं लिही की वाचून तो म्हणेल, होय, हेच मला म्हणायचं होतं.

हे सगळ्यात अवघड काम असतं. मुलं विरोधकाला मुद्दाम लुळं करून लिहितात, म्हणजे पाडायला सोपा जातो. तिनं तसं केलं नाही. तिनं लिहिलं की बीडी सिगारेटपेक्षा सौम्य असते हा समज खोटा आहे. ती ओढणारा बहुतेक गरीब असतो आणि आजारपणात घर विकायची वेळ त्याच्यावर आधी येते. हजारो बायकांचं पोट त्यावर आहे हे खरं, पण दुसऱ्याच्या फुप्फुसावर कुणाचं पोट चालावं का? शेवटची ओळ वाचून मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "मॅडम, मला हे पटतंय."

मग तिला काय म्हणायचं होतं? आम्ही तासभर बसलो. तिनं मला सांगितलं की अम्मा एकदा शिवणक्लासला गेली होती. चार दिवस गेली आणि सोडून दिला. क्लास अकरा ते दोन, आणि त्याच वेळेत कधी नळाला पाणी यायचं, कधी आजीला औषध द्यायचं असायचं. शिवणकाम येऊनही पैसे कधी मिळणार ते ठरलेलं नव्हतं. बीडीचं तसं नाही. सूप मांडीवरून खाली ठेवून उठता येतं, परत येऊन पुढची बीडी वळता येते, आणि आठवडा झाला की हातात पैसे पडतात.

तिथे तिला तिचं म्हणणं मिळालं. बीडी जावी. पण ती जाण्याआधी बाईच्या हातात दुसरं काम आलेलं असावं, आणि ते कसं असावं हे बीडीनंच दाखवून दिलंय: घरात बसून करता यावं, मध्येच सोडून उठता यावं, आठवड्याला पैसे मिळावेत. या तीन अटींत न बसणारं प्रशिक्षण हे कागदावरचं प्रशिक्षण.

हे म्हणणं कुणाला नाकारायचं असेल तर त्याला कारण द्यावं लागतं. "बीडी कामगारांवर अन्याय होतो" या वाक्याला सगळे मान डोलावतात आणि पान उलटतात.

जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रणाचा करार भारतानं २००४ साली स्वीकारला, हे तिच्या टिपणांत होतंच. मी तिला त्यातलं सतरावं कलम वाचायला सांगितलं. तंबाखूवर जगणाऱ्या कामगारांना, शेतकऱ्यांना आणि किरकोळ विक्रेत्यांना परवडेल असा दुसरा रोजगार मिळावा यासाठी सरकारांनी प्रयत्न करावेत, असं ते कलम सांगतं. तिचा आवाज इथे बदलला. जे ती हात जोडून मागत होती, तो तर देशानं दिलेला शब्द निघाला. दिलेल्या शब्दाची आठवण करून देताना रडावं लागत नाही. पुढच्या खर्ड्यात एकही उद्गारचिन्ह नव्हतं, आणि मी ते सांगितलेलं नव्हतं.

वडील

विरोधकाचा परिच्छेद लेखात बसवताना ती थबकली. बराच वेळ पेनाचं टोपण उघडत-मिटत बसली. मग म्हणाली, "नान्ना बीडी ओढायचे."

वडील यंत्रमागावर कामाला होते. ती आठवीत असताना छातीच्या आजारानं गेले. विकत घेतलेली बीडी त्यांनी क्वचितच ओढली. आईच्या मालातून कारखान्यात जी छाट निघायची, म्हणजे वाकडी वळलेली, सैल, तोंड नीट न मिटलेली बीडी, ती घरी यायची. तीच ते ओढायचे.

मी लगेच म्हटलं, "हीच तुझी पहिली ओळ." आई वळते, वडील ओढतात आणि जातात. मला तो लेख डोळ्यांसमोर दिसायला लागला होता. ती म्हणाली, "नाही." मी आठवडाभर तिच्या मागे लागले. तिचं म्हणणं एकच: "पहिल्या ओळीत टाकलं तर पुढचं कोण वाचतंय? रडतील, नाहीतर अम्माला दोष देतील."

शेवटी आम्ही दोन्ही पद्धतींनी लिहिलं आणि वर्गात वाचलं. वडील पहिल्या ओळीत असलेला लेख संपल्यावर खोली चिडीचूप झाली. कुणी शंका काढली नाही, कुणी काही विचारलं नाही. थोड्या वेळानं मी विचारलं की तीन अटी कोणत्या होत्या, तर एकालाही तिन्ही सांगता आल्या नाहीत. दुसऱ्या पद्धतीनं लिहिलेल्या लेखात वडील डॉक्टरांच्या परिच्छेदात होते, लेखाच्या जवळजवळ मध्यावर. तो संपतो न संपतो तोच मागून एक मुलगा बोलला, "पण आठवड्याला पैसे देणारं काम आणणार कुठून?" वाद सुरू झाला. त्याला म्हणणं ऐकू आलं होतं.

तिचं बरोबर होतं आणि माझं चुकलं होतं. त्यामागचं कारण मी तेव्हापासून प्रत्येक वर्गात सांगते. वडिलांचं जाणं ही तिच्या बाजूची साक्ष नव्हतीच, ती डॉक्टरांच्या बाजूची होती. लेखाच्या तोंडाशी ती आली असती तर वाचकाला हलवण्यासाठी वापरल्यासारखी झाली असती. विरोधकाचं म्हणणं जिथे सगळ्यात जड आहे, नेमकं तिथे आल्यावर ती त्याच्या पारड्यात पडली. "तुमच्या घरात कुणी गेलं नाही म्हणून बोलता," असं मनात म्हणणारा वाचक असतो. त्याला दिसतं की या मुलीनं स्वतःच्या घरातलं सगळ्यात मोठं दुःख स्वतःच्या विरुद्ध मोजून दिलंय. अशा माणसाचं पुढचं वाक्य आपण नीट ऐकतो.

ती ओळ कशी लिहायची यावरही दोन रविवार गेले. तिनं आधी लिहिलं: "माझे वडील बीडीमुळे गेले, पण आईच्या पोटाचं काय?" त्या "पण"पाशी मी अडखळले. "पण" आला की मागचं सगळं पुसलं जातं. वडील नुसती पुढे जायची पायरी होतात. तिनं तो काढला. छापून आलं ते असं:

"माझे वडील बीडी ओढायचे. आईच्या मालातली छाट. मी आठवीत असताना ते गेले. बीडी जावी हे मला कुणी पटवून द्यायला नको. म्हणूनच मी विचारते की ती जाईल त्या दिवशी आईच्या मांडीवर काय असेल?"

पाच वाक्यं. विशेषण एकही नाही. त्यानंतर लेखात वडील परत येत नाहीत, आईही एकदाच येते.

अम्मानं ऐकलं

मी तिला म्हटलं होतं की लेख पाठवण्याआधी घरी वाचून दाखव. घरच्यांच्या आयुष्यातलं काही लिहायचं तर त्यांनी ते आधी ऐकलेलं असावं, हा माझा नियम आहे. रात्री कामं आटोपल्यावर तिनं एकेक वाक्य तेलुगूत करून अम्माला ऐकवलं. अम्मानं तीन गोष्टी सुचवल्या आणि मला त्या कुठल्याही संपादकापेक्षा मोलाच्या वाटल्या.

लेखात "दिवसाला हजार बीड्या" होतं. अम्मा म्हणाली, हजार आधी व्हायच्या, आता सातशे होतात, सातशेच लिही. "बिचारी" पहिल्या खर्ड्यातच गेलं होतं, "अशिक्षित" मात्र एका कोपऱ्यात राहिलं होतं. अम्मा म्हणाली, मला तेलुगू वाचता येतं, तुझ्या मामाची पत्रं मीच वाचायचे. तो शब्दही गेला. वडिलांच्या ओळीला ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, नुसतं छाट लिहिलंस तर लोकांना वाटेल मी कारखान्यातून उचलून आणायचे. त्या बीड्यांचे पैसे आपल्या मजुरीतून कापले जायचे, तेवढं लिही.

त्या रात्री मुलीनं "आईच्या मालातली छाट" याच्या जागी "आईच्या मजुरीतून कापलेली छाट" असं केलं. पण तो बदललेला खर्डा पाठवायला उशीर झाला आणि वर दिलेलं जुनंच वाक्य छापलं गेलं. याची तिला अजून रुखरुख आहे. मलाही आहे. एका शब्दानं एका बाईचा प्रामाणिकपणा राखला जात होता.

मथळ्यावरून थोडी ओढाताण झाली. दैनिकातून फोन आला की "अंगठ्याचे अश्रू" असं काही चालेल का. तिनं नम्रपणे नाही म्हटलं आणि "बीडी जाण्याआधी काम यावं" हा मथळा कायम राहिला.

पत्र

लेख आल्यानंतर पाचव्या दिवशी त्याच पानावर एका निवृत्त डॉक्टरांचं पत्र छापून आलं. त्यात अंगठ्याबद्दल काही नव्हतं, वडिलांबद्दल काही नव्हतं, मुलीचं कौतुकही नव्हतं. त्यांनी सरळ पहिल्या अटीवर बोट ठेवलं होतं. घरात बसून होणाऱ्या कामातच मजुरी दडपली जाते, असं त्यांनी लिहिलं होतं. तिथे कामाचे तास कुणी मोजत नाही, तपासायला कुणी येत नाही, आणि घरातली पोरं आपोआप कामाला लागतात. मग नवं कामही घरातच का मागता? वस्तीत पाळणाघर असलेली कामाची जागा का मागत नाही?

ती रविवारी कात्रण घेऊन आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. मला मात्र इतका आनंद झाला होता की तो लपवता येईना. एका जाणत्या माणसानं तिच्या अटीशी वाद घातला होता, बरोबरीच्या नात्यानं. आणि त्यांचा मुद्दा पक्का होता. तिनं स्वतः चौथीपासून तोंडं मिटवायला आईला मदत केली होती. ते तिनं लेखात घेतलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

"काय उत्तर देऊ?" तिनं विचारलं. मी म्हटलं, ज्यांची अट आहे त्यांना विचार.

अम्मा म्हणाली, घरात म्हणजे उंबऱ्याच्या आतच असं माझं म्हणणं नाही. सासूबाईंनी हाक मारली तर ऐकू यावी, एवढ्या अंतरावर असलं तरी चालेल.

उत्तराचा पहिला खर्डा परवा आला. चारशे शब्द आहेत. पहिल्याच वाक्यात तिनं डॉक्टरांचं बरोबर असल्याचं मान्य केलंय, दुसऱ्यात चौथीतली ती स्वतः आहे, आणि पहिली अट खोडून तिच्या जागी लिहिलंय: हाकेच्या अंतरावर.